अठरा ताणतात, अठरा सैलावतात

२ सप्टेंबर

आज रुजू झाले. कागदावर माझं पद ‘तांत्रिक तपासनीस’ आहे. कार्यशाळेच्या दारावर मात्र ‘चाकं – त्रोफिम शिन’ एवढीच पाटी आहे, आणि तिच्याखाली दुसरी लावायला जागा सोडलेली नाही.

कार्यशाळा सायकलींच्या ट्रॅकच्या पश्चिम भिंतीला टेकून आहे. छताला चाकं टांगलेली. मोजली, चौतीस भरली. त्रोफिम शिन चौसष्ट वर्षांचे, कोरियन, एकेचाळीस वर्षं याच स्टुलावर बसून संघाची चाकं बांधतात. सगळे त्यांना त्रोफिमआगा म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणाले.

“आगा कोणाला म्हणतात? ज्याला विचारून कामं करतात त्याला. तुला इथे पाठवताना मला कुणी विचारलं?”

“मला संचालकांनी नेमलंय.”

“मग त्यांच्या टेबलाशी जाऊन बस. तिथे फिरणारं काही नाही. मोजायला सोपं पडेल.”

मी माझी उपकरणं टेबलावर मांडली. त्यांनी ती कोपराने बाजूला सारली आणि त्या जागी जेवणाचा डबा उघडला. लसूण-तिखट घातलेलं किसलेलं गाजर. वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

३ सप्टेंबर

संचालक कालीबेक सेरिकोविच यांनी बोलावून काम समजावलं. स्पर्धा झाली की चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत बसावं लागतं. पोरांच्या पायात जोर वाढलाय, चाकं तीच आहेत.

“पायाच्या पिळाने चाकाच्या स्पोकांना काय होतं, ते मला आकड्यांत पाहिजे, करिन्दास. शिनच्या कानाच्या अंदाजाने नको.” करिन्दास म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्या ऑफिसात मी अकरा मिनिटं होते, तेवढ्यात चारदा म्हणाले.

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ऑक्टोबरात माझा अहवाल आला की कार्यशाळेचं ठरेल. चाकं कमी पडतात असं निघालं तर तयार चाकं येतील, दार बंद होईल, म्हातारा पेन्शनवर जाईल. “माझं काही वैर नाही त्याच्याशी. पण तू आकडे आण.”

मला दोघांशीही घेणंदेणं नाही. मी आकडे आणीन.

४ सप्टेंबर

प्रश्न नीट मांडून ठेवते. चेन चाकाच्या मधल्या हबला फिरवते. रिम रस्त्याला चिकटलेली, ती मागे राहू पाहते. मधे छत्तीस स्पोक. त्यातले अठरा मागे झुकलेले, ते रिमला ओढून पुढे आणतात, म्हणून त्यांचा ताण वाढतो. उरलेले अठरा पुढे झुकलेले, ते तेवढेच सैलावतात. अठरा ताणतात, अठरा सैलावतात. किती, ते इथे आजवर कुणी मोजलेलं नाही.

ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि पायडल मोकळं फिरत नाही. चाक आणि पाय एकमेकांना बांधलेले. त्यामुळे पायाचा प्रत्येक धक्का थेट हबमध्ये जातो. सगळ्यात मोठा धक्का सुटण्याच्या क्षणी, जेव्हा सायकल उभी असते आणि माणूस पायडलवर उभा राहून सगळा जोर टाकतो.

त्रोफिमआगांना विचारलं की ते ताण कसा ठरवतात. त्यांनी नखाने स्पोक छेडला.

“ऐक.”

“मला ऐकायचं नाही, मोजायचंय.”

“तुम्ही इथले लोक घोड्यावरून उतरून शंभर वर्षं झाली नाहीत, आणि मला चाक शिकवणार.”

“मी घोड्यावर कधी बसलेच नाही.”

“म्हणूनच. घोड्यावर बसली असतीस तर लाथ कधी बसते ते तरी कळलं असतं.”

५ सप्टेंबर

मागची सहा चाकं मोजली. माझं ताणमापक म्हणजे एक चिमटा. तो स्पोक मधोमध दाबतो आणि किती वाकला ते सांगतो. स्पोकाच्या जाडीप्रमाणे तक्त्यातला रकाना निवडायचा, तिथे ताण मिळतो. जाडी व्हर्नियरने घेतली, रिमपाशी, स्पोक रिमला आवळणाऱ्या निपलजवळ, जिथे हात सहज पोचतो. दोन मिलिमीटर. सहाही चाकांत तेवढीच. स्टोअरच्या यादीतही दोनच लिहिलंय.

त्रोफिमआगा गाजर चावत बघत होते.

“तिथे मोजतेस?”

“हो.”

“बरं,” म्हणाले आणि पुन्हा चावायला लागले.

सरासरी ताण त्रेसष्ट किलो. या रिमला शंभर चालतो. म्हणजे चाकं सदतीस टक्के ढिली बांधलेली आहेत. एकेचाळीस वर्षं.

आणखी एक प्रकार. जिथे दोन स्पोक एकमेकांवरून जातात, तिथे ते बारीक पितळी तारेने गुंडाळून कथलाचा डाग देतात. एका चाकाला अठरा गाठी, दीड तासाचं काम. विचारलं, कशासाठी. म्हणाले, “माझ्या उस्तादाने दिल्या, म्हणून मी देतो.” हे उत्तर नाही. गाठींनी चाक ताठ होतं अशी जुनी समजूत आहे. मी एक चाक गाठींसकट आणि मग गाठी कापून तपासलं. दोन्ही वेळा हबला दांडा लावून वजन टांगलं, हब तेवढाच वळला. फरक शून्य. हा आकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी कागद उलटा करून त्यावर डबा ठेवला.

९ सप्टेंबर

मदियार बेकताय आज कार्यशाळेत आला. बावीस वर्षांचा, मेर्के गावचा, संघातला सगळ्यात जोरदार पाय त्याचा. महिनाअखेर आस्तानाला राष्ट्रीय निवड आहे. तक्रार अशी, की सुटताना मागचं चाक ‘लोण्यासारखं’ वाटतं.

“लोणी तुझ्या गुडघ्यात आहे,” त्रोफिमआगा म्हणाले. “चाक ठीक आहे.”

“आगा, मागच्या वर्षीही हेच म्हणालात.”

“मागच्या वर्षीही गुडघे हेच होते.”

मी मदियारला त्याच्या चाकाचा आकडा दाखवला. त्रेसष्ट. तो खूश झाला. आपल्या वाटण्याला आकडा मिळाला की माणसं खूश होतात. संचालकांना फोन केला, ते म्हणाले, “कर, करिन्दास. लेखी नोंद ठेव.”

नोंद: म. बेकताय यांचं मागचं चाक. गाठी कापल्या, कारण पाना फिरवताना स्पोक मोकळे हवेत आणि त्यांचा उपयोग नाही हे सिद्ध झालंय. ताण त्रेसष्टवरून शंभर. चाक सरळ, आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आणखी तीन चाकं तशीच केली. एकूण चार.

त्रोफिमआगा संध्याकाळी कोट घालताना मदियारच्या चाकाशी थांबले, एक स्पोक छेडला.

“हे चाक किंचाळतंय,” म्हणाले.

मी म्हणाले, “आधी ते पुटपुटत होतं, एवढंच.” मदियार हसला, मीही. त्रोफिमआगांनी टोपी घातली आणि गेले. चाळीस वर्षांची सवय मोडताना माणूस असंच काहीतरी बोलणार. त्यात तांत्रिक काही नाही.

१२ सप्टेंबर

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, सुटण्याच्या सरावात, तिसऱ्यांदा सुटताना मदियारचं मागचं चाक बसलं. सायकल दोन मीटरही गेली नव्हती. मी सव्वीस मीटरवर उभी होते. आधी चार-पाच फटाफट आवाज, मग चाक शेंगेसारखं वळलं. तो डाव्या खांद्यावर पडला.

गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. उजव्या पोटरीत निपलसकट एक स्पोक घुसला होता. चौदा टाके.

कोच अस्कर म्हणाला, “शिनचं चाक.” मग सगळेच म्हणाले. त्रोफिमआगा कार्यशाळेच्या दारात उभे होते. आत गेले आणि कडी लावली.

१३ सप्टेंबर

संचालकांकडे बैठक. अहवाल आता फक्त कार्यशाळेचा राहिला नाही, अपघाताचाही झाला. माझ्याकडे एक महिना. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, “तू चाक घट्ट केलं होतंस ना? नोंद आहे?” मी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. “म्हणजे तुझ्याकडून नियमाप्रमाणे झालंय. मग उरलं काय? रिम त्याची, बांधणी त्याची.”

मोडलेलं चाक तपासलं. एकही स्पोक तुटलेला नाही. रिमच्या अकरा भोकांतून निपल ओढून बाहेर आलेत. त्यातले नऊ ओढणाऱ्या स्पोकांचे. भोकांभोवती चांदणीसारख्या भेगा. माझा तर्क: चाक वर्षानुवर्षं ढिलं चाललं, ढिल्या चाकात रिम प्रत्येक फेरीला जास्त लवते, त्यामुळे ती आतून थकली होती. मी योग्य ताण दिला तो उशिरा. जबाबदारी: बांधणारा.

तर्क सुसंगत आहे.

१९ सप्टेंबर

इस्पितळात जाऊन मदियारचा जबाब घेतला. निवड गेली, हे त्याला माहीत आहे. त्यावर बोलला नाही. पोटरी मात्र दाखवली. “हाड पडल्यावर मोडतं, ते समजतं. पण स्पोक पायात कसा येतो? पूर्वीही चाकं बसलीत. आमच्या संघातल्या इस्लामचं चाक बसलं होतं तेव्हा स्पोक असे लोंबकळत राहिले होते, जाळ्यासारखे.”

मी म्हणाले की प्रत्येक अपघात वेगळा असतो.

परत आले तर कार्यशाळेत दोन माणसं छतावरची चाकं मोजून यादी करत होती. त्रोफिमआगा स्टुलावर बसून डब्यातलं खात होते.

“बघ, तुझ्याचसारखी मोजताहेत. त्यांनाही चौतीसच सापडली.”

“मी त्यांना पाठवलेलं नाही.”

“पाठवलंस असं कुठे म्हणालो? कावळा काही कावळ्याला बोलावत नाही. एक बसला की दुसरा बसतो.”

२४ सप्टेंबर

पिळाची चाचणी. मूळ ताणावरचं, मी हात न लावलेलं चाक घेतलं. रिम चौकटीत पक्की आवळली. हबला अर्ध्या मीटरचा दांडा लावून टोकाला वीस किलो टांगले. सुटताना मदियारचा पाय चाकात साधारण एवढाच पीळ घालत असणार. दोन ओढणाऱ्या आणि दोन सैलावणाऱ्या स्पोकांवर ताण मोजणाऱ्या विजेच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या; स्पोक केसाच्या अंशाइतका लांबला तरी त्यांना कळतं.

हबच्या मापावरून गणित सांगतं: प्रत्येक ओढणाऱ्या स्पोकावर ८.७ किलो वाढायला हवेत, सैलावणाऱ्यावर ८.७ कमी व्हायला हवेत.

मिळाले १०.७. वाढही, घटही. दोन्ही बाजूंना सारखेच, म्हणजे पट्ट्या नीट आहेत.

मुख्य निष्कर्ष ठाम आहे: पायाचा पीळ स्पोकाचा ताण थोडाच बदलतो. माणूस कितीही जोरात सुटला तरी नीट बांधलेलं चाक पिळाने मोडत नाही. पण दोन किलोंचा प्रश्न उरतो. छत्तीस स्पोकांची बेरीज केली की मी घातला त्याहून जवळजवळ पाव पट जास्त पीळ बाहेर येतो. चाकात पीळ तयार होत नसतो.

२८ सप्टेंबर

चार दिवस तेच. पट्ट्या बदलल्या. गोंद बदलला. दुपारी ऊन-वाऱ्याने छताचा पत्रा तापतो-गार होतो, म्हणून सकाळी मोजलं. वजनं टपाल कचेरीतल्या काट्यावर तोलून आणली. दांडा मोजला. १०.७, १०.८, १०.७.

आकडा इतका स्थिर आहे की तो चूक असू शकत नाही. आणि तो बरोबरही असू शकत नाही.

त्रोफिमआगा आता काम करत नाहीत, त्यांना हात लावायची मनाई आहे. तरी रोज येतात. आज म्हणाले, “काय म्हणतंय चाक?”

“जास्त बोलतंय.”

“तुझ्याशी? नवल आहे. माझ्याशी तर कोणी बोलत नाही.”

अहवालाचा मसुदा लिहिला. दोन किलोंचा फरक ‘मापनाच्या मर्यादेत’ असं लिहिलं. मर्यादा दोन टक्क्यांची आहे आणि फरक तेवीसचा. वाक्य खोडलं नाही. संचालकांनी मसुदा वाचून पाठीवर थाप मारल्यासारखा हात हवेत हलवला. “शिनची फाइल तयार करायला सांगतो. दहा तारखेला सही.”

६ ऑक्टोबर

घडलं त्या क्रमाने लिहिते.

सकाळी सहाला कार्यशाळेत. सराव सातला. बेरीज जुळत नाही तेव्हा पहिल्या आकड्यापर्यंत मागे जायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. पहिला आकडा म्हणजे स्पोकाची जाडी. ती मी एकदाच घेतली होती, निपलजवळ. पट्टी मात्र स्पोकाच्या मध्यावर चिकटते, आणि तिच्या लांबण्यावरून किलो काढताना मी हीच जाडी धरली होती. व्हर्नियर मध्यावर लावला.

१.७९.

पुन्हा लावला. दुसरा स्पोक, तिसरा. टोकांना दोन मिलिमीटर, मधे एक पूर्णांक आठ. स्पोक मधे बारीक केलेले आहेत. डोळ्यांना दिसत नाही. १.८ च्या हिशोबाने १०.७ चे ८.७ होतात. बेरीज जुळली.

मग दुसरी गोष्ट, ती लिहायला जास्त वेळ लागतोय. ताणमापकाचा रकानाही जाडीवरून निवडतात. मी दोनचा रकाना वाचत होते. १.८ चा वाचला. जिथे मी त्रेसष्ट वाचले होते तिथे पंच्याऐंशी. त्रोफिमआगांची चाकं पहिल्यापासून बरोबर होती. जिथे मी शंभर केले होते तिथे एकशे सदतीस.

रिम थकलेली नव्हती. मी ती फाडली. सुटतानाच्या पिळाने ओढणाऱ्या स्पोकांवर शेवटचे आठ-नऊ किलो टाकले, एवढंच. म्हणून अकरातले नऊ त्यांचे.

आणि चाकं चार केली होती. एक मोडलं. बाकीची तीन कोणाला दिलीत ते माझ्याच वहीत होतं.

ट्रॅकवर पोचले तेव्हा सहा छप्पन्न. दोन जण सुटायच्या रेषेवर उभे, एक वरच्या वळणावर फेऱ्या मारत होता. मी रेषेवर जाऊन सायकलींपुढे उभी राहिले. अस्कर ओरडला, “ए, बाजूला हो, वेड लागलंय का?”

“उतरा,” मी म्हणाले. “वरच्यालाही खाली बोलवा. सावकाश. जोर लावू नको म्हणावं.”

“कोणाच्या परवानगीने?”

“ही तीन चाकं मी प्रमाणाबाहेर आवळलीत. मदियारचंही मीच आवळलं होतं. त्रोफिमआगांची चूक नव्हती, माझी होती.”

रेषेवरचा एक जण, सान्झार, सायकलवरून उतरला, मागचं चाक काढलं आणि माझ्या पायाशी टाकलं. दुसऱ्याने हातात दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. वरचा खाली येईपर्यंत अडीच फेऱ्या लागल्या. त्या वेळात मला दुसरं काही मोजता आलं नाही.

अस्कर म्हणाला, “महिनाभर तू म्हाताऱ्याच्या नावाने कागद रंगवत होतीस.”

“हो.”

“हो म्हणते,” तो इतरांकडे बघून म्हणाला. “बघा, हो म्हणते.”

तिन्ही रिम बघितल्या. दोघींत काही नाही, तिसरीत चार भोकांशी भेगा सुरू झाल्या होत्या. ती सान्झारची.

७ ऑक्टोबर

त्रोफिमआगांना सगळे आकडे सांगितले. ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. चांगल्या भावनेने नाही. उभ्या माणसाशी त्यांना बोलायचं नव्हतं.

“स्पोक मधे बारीक असतात हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “तू टोकाला मोजत होतीस तेही दिसलं. मला वाटलं, इंजिनियर आहे, तिला माहीत असेल. हे मी लोकांना सांगेन. तुला खरं सांगतो. मला वाटलं, मोज. मोज बाई, टोकाला मोज.”

ते छतावरच्या चाकांकडे बघत पुढे म्हणाले,

“आणि त्या संध्याकाळी चाक छेडलं तेव्हा कळलं, हे टिकत नाही. एकदा बोललो. तुम्ही दोघं हसलात. म्हटलं ठीक. रिम फाटेल, चाक वाकेल, हिची फजिती होईल, चार लोक बघतील. तो असा सुटताना पडेल हे नव्हतं मनात. बांधणाऱ्याने चाक ट्रॅकवर जाऊ द्यायचं नसतं. मी जाऊ दिलं.”

“गाठी,” मी विचारलं. “त्या कशासाठी असतात?”

“स्पोक सुटला की शेजाऱ्याला धरून राहावा, म्हणून. ताठपणाचं येडपट लोक बोलतात.”

“मी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंत?”

“तू कुठे विचारलंस? तू जबाब घेत होतीस.”

हे खरं आहे का, ते या वहीत मागे जाऊन बघितलं. मी ‘विचारलं, कशासाठी’ असं लिहिलंय. कोणत्या आवाजात, ते लिहिलेलं नाही.

८ ऑक्टोबर

नवा अहवाल, नऊ पानं. पिळाने ताण किती बदलतो, ते. मूळ बांधणी योग्य. अपघाताचं कारण: तपासनिसाने स्पोकाची जाडी चुकीच्या जागी घेतली, चुकीच्या रकान्याने ताण वाढवला, संरक्षक गाठी कापल्या. सही माझी.

संचालकांनी शेवटचं पान आधी वाचलं. आज करिन्दास म्हणाले नाहीत.

“याने कोणाचं भलं होणार आहे?”

“हे आकडे आहेत.”

ते खिडकीशी गेले. बाहेर वाऱ्याने धूळ उठली होती. “अकमारल, नीट ऐक. तू नवीन आहेस. चूक झाली, होते. ताकीद देऊन तुला ठेवता येईल. मला एक सांग. शिन एकेचाळीस वर्षं स्पोक छेडतो. ते चाक त्याच्यासमोर दोन दिवस टांगलेलं होतं. त्याला कळलं नसेल?”

ते खिडकीपासून वळले.

“मदियार म्हणतो, म्हातारा काहीतरी पुटपुटला होता. त्याला माहीत असून त्याने जाऊ दिलं असेल, तर ती चूक नाही, गुन्हा आहे. एक ओळ घाल. ‘शिन यांना धोक्याची जाणीव होती.’ एवढीच. मग तू राहतेस.”

ओळ खरी होती. आदल्या दिवशी मी ती त्यांच्याच तोंडून ऐकली होती, हातभर अंतरावरून.

“दुसऱ्याला काय कळलं, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही,” मी म्हणाले.

“मी मोजायला नाही सांगत. लिहायला सांगतोय.”

“अहवालात मी मोजलेलंच लिहिते.”

हे वाक्य खोटं आहे. मसुद्यात मी ‘मापनाच्या मर्यादेत’ लिहिलं होतं. त्यांनाही ते आठवलं असावं, कारण ते हसले. मग अहवालावर शिक्का मारला, माझ्या नेमणुकीच्या कागदावर दुसरा, ‘रद्द’चा.

त्रोफिमआगांना कोणीतरी बातमी दिली. मी उपकरणं आवरत होते तेव्हा आत आले.

“माझ्यावर उपकार केलेस?”

“नाही.”

“मला नको तुझे उपकार. मी जाऊन सांगू शकतो त्याला.”

“सांगा. ते तुमचं काम आहे. मी माझ्या चुकीचा अहवाल लिहिलाय, तुमच्यासाठी त्यात जागा नव्हती.”

ते मग स्टुलावर बसले, सान्झारची भेगा पडलेली रिम घेतली आणि तिच्यातले स्पोक एकेक काढू लागले. संचालकांकडे गेले नाहीत. मी निघेपर्यंत तरी नाही.

११ ऑक्टोबर

बसने मेर्केला. तीन तास. मदियार घरी आहे, हात गळ्यात बांधलेला.

त्याच्या आईने जमिनीवर दस्तरखानाची चादर अंथरली. बौर्साक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, साखर, दुधाचा चहा. मी संघातून आले म्हटल्यावर ‘ये गं, ये’ करत तिने मला भिंतीकडची मानाची जागा दिली. पियाल्यात चहा अर्धाच ओतायची, संपला की पुन्हा अर्धा. तीनदा ओतला. मधे विचारलं, लग्न झालंय का, आई काय करते. मी उत्तरं दिली.

मग मदियारला सांगितलं. जाडी, रकाना, एकशे सदतीस. गाठी कोणी कापल्या आणि त्या कशासाठी होत्या. त्याने पोटरीवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

“त्या दिवशी मी हसलो होतो,” तो म्हणाला.

“हो. मीही.”

“आगांनी सांगितलं होतं ना, किंचाळतंय म्हणून.”

“सांगितलं होतं.”

“मग त्यांना कळलं होतं.”

हा प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. तो उठला आणि मागच्या दाराने अंगणात गेला. दार त्याने पायाने लोटलं, ज्या पायाला टाके होते त्याने.

आई सगळं ऐकत होती. तिने माझा पियाला घेतला, किटली उचलली आणि ओतला. काठोकाठ. चहा कडेवर थरथरत उभा होता, उचलला तर सांडेल असा. दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि बौर्साकांची थाळी आपल्याकडे ओढून घेतली.

इतका भरलेला पियाला आपल्यात कोणाला देतात ते मला माहीत आहे. पुन्हा ओतावा लागू नये, पाहुण्याने उठावं, म्हणून देतात.

मी तो न सांडता संपवला. उलटा घातला आणि उठले. परतीच्या बसला दोन तास अवकाश होता. ते रस्त्यावर काढले.